खाडीच्या अलीकडे की पलीकडे?

“बर्कली मिळालंय, मग त्या खासगी विद्यापीठावर एवढा पैसा कशाला ओतायचा? तिथं असं काय वेगळं शिकवतात?”

मार्च संपत आला की फ्रीमाँटच्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. मिशन सॅन होजे, आयर्विंग्टन, अमेरिकन, वॉशिंग्टन अशा हायस्कुलांतल्या बारावीच्या मुलांचे निकाल एकेक करून येत असतात आणि १ मेपर्यंत एका विद्यापीठाला होकार कळवायचा असतो. त्या महिन्याभरात आई-वडील फीचे आकडे आणि रँकिंग समोरासमोर मांडतात. आपलं मूल तिथं चार वर्षं कसं राहील, कुणाकडे जाऊन अडचण सांगेल, कुठे झोपेल, याची चौकशी मात्र फार कमी घरांत होते. या प्रकरणात ती करू.

१. महाराष्ट्रातून सोबत आलेला समज

ऐंशी-नव्वदच्या दशकांत महाराष्ट्रात शिकून इकडे आलेल्या पिढीच्या मनात एक समीकरण पक्कं बसलेलं आहे. सरकारी म्हणजे गुणवत्ता आणि खासगी म्हणजे पैसा. त्याला कारणही आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. ज्यांना पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय मिळालं नाही, त्यांच्यासाठी नवी दारं उघडली. असंख्य मुलं त्यामुळे इंजिनिअर झाली आणि त्यांतली कित्येक आज याच खाडीच्या काठी नोकरी करताहेत, हे विसरून चालणार नाही. पण ‘डोनेशन’ हा शब्दही त्याच काळात घरोघरी पोचला.

अमेरिकेत हे समीकरण लागू पडत नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या, ते खासगी होतं. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात आले, तेही खासगी. इथं खासगी विद्यापीठांची परंपरा जुनी आहे. हार्वर्ड १६३६ सालचं. राज्यांच्या सरकारी विद्यापीठांना मोठा रेटा मिळाला तो १८६२ साली, केंद्र सरकारनं राज्यांना उच्च शिक्षणासाठी जमिनी देण्याचा कायदा केल्यावर.

इथलं नावाजलेलं खासगी विद्यापीठ कुणा एका मालकाचंही नसतं. ते देणग्यांवर, फीवर आणि साठवलेल्या निधीवर चालतं आणि विश्वस्त ते चालवतात. फ्रीमाँटहून डंबार्टन पूल ओलांडला की पलीकडे स्टॅनफर्ड आहे. लेलंड आणि जेन स्टॅनफर्ड यांचा एकुलता एक मुलगा १८८४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, इटलीत विषमज्वरानं गेला. त्याच्या नावानं आई-वडिलांनी उभं केलेलं हे विद्यापीठ १८९१ साली सुरू झालं. दक्षिणेला सांता क्लारा विद्यापीठ आहे, १८५१ सालचं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज ज्या जेझुइट पंथीयांनी काढलं, त्यांचंच हे.

२. सरकारी म्हणजे एकटं बर्कली नव्हे

कॅलिफोर्नियानं १९६० साली उच्च शिक्षणाचा एक मास्टर प्लॅन केला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, म्हणजे यूसीचे, तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर यांचा त्यात मोठा वाटा होता. या आराखड्यानं सरकारी शिक्षणाचे तीन थर आखून दिले. हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्यांतल्या वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी यूसी. वरच्या एक तृतीयांशांसाठी सीएसयू, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी. आणि ज्याला शिकायचं आहे त्या कुणासाठीही कम्युनिटी कॉलेज.

फ्रीमाँटकरांना हे तिन्ही थर हाताशी आहेत. मिशन बुलेव्हार्डवर, मिशन पीकच्या पायथ्याशी ओलोनी कॉलेज आहे, ते कम्युनिटी कॉलेज. सॅन होजे स्टेट आणि हेवर्डच्या टेकडीवरचं ईस्ट बे ही सीएसयूची विद्यापीठं. बर्कली हे यूसीच्या दहा कॅम्पसपैकी सर्वांत जुनं, १८६८ सालचं. ‘पब्लिकमध्ये कसं असतं’ असं कुणी विचारलं, तर आधी विचारायला हवं की कोणत्या पब्लिकमध्ये. सॅन होजे स्टेटच्या मुलाचा दिवस आणि बर्कलीच्या मुलाचा दिवस यांत जेवढं अंतर आहे, तेवढं बर्कली आणि स्टॅनफर्ड यांच्यात नसेल.

तिन्ही थरांना समान असलेली गोष्ट म्हणजे ते जनतेला उत्तरदायी आहेत. यूसीचा कारभार २६ जणांचं रीजंट्स मंडळ पाहतं. त्यातले १८ राज्यपालांनी नेमलेले असतात आणि एक जागा विद्यार्थ्याची असते. मंडळाच्या सभेत नागरिकांना बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो. फीवाढीवर एखादी विद्यार्थिनी तिथं उभी राहून आपलं म्हणणं मांडू शकते. खासगी विद्यापीठाच्या विश्वस्तांवर असं बंधन नाही.

३. पैशाचा हिशेब

फी आणि राहण्याचा खर्च वेगवेगळे धरले की हिशेब सोपा होतो. २०२४-२५ चे ढोबळ आकडे घेऊ. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला बर्कलीची वर्षाची फी सुमारे १६ हजार डॉलर, सॅन होजे स्टेटची ८ हजारांच्या आसपास, स्टॅनफर्डची ६५ हजार. राहणं, जेवण, पुस्तकं धरली तर बर्कली पन्नास हजारांच्या आसपास जातं आणि स्टॅनफर्ड नव्वद हजारांच्या घरात. खोलीचं भाडं सरकारी-खासगी असा भेद करत नाही. घरी राहून सॅन होजे स्टेटला जाणाऱ्या मुलाचा खर्च मात्र फी, प्रवास आणि पुस्तकं यांवरच थांबतो.

आता एक उदाहरण. ओलोनीत एका युनिटची फी ४६ डॉलर आहे. तिथून यूसीत बदली घेण्यासाठी साधारण ६० युनिट लागतात.

६० × ४६ = २,७६० डॉलर, म्हणजे पहिल्या दोन वर्षांची फी
त्यानंतर यूसीची दोन वर्षं: २ × १६,००० = ३२,००० डॉलर
एकूण सुमारे ३४,७६० डॉलर

चारही वर्षं यूसीत काढली तर हीच फी ६४ हजार होते. पदवी दोन्ही मार्गांनी तीच. यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसमध्ये ठरलेले विषय आणि गुण पूर्ण केले तर बदलीची हमीसुद्धा मिळते. बर्कली अशी हमी देत नाही, पण तिथं बदलीनं येणाऱ्या मुलांतली बहुसंख्य कम्युनिटी कॉलेजांतूनच आलेली असतात. आपल्या लोकांत ओलोनीचं नाव जरा खालच्या आवाजात घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं. वर्गात तीस-चाळीस मुलं आणि शिकवणं हेच काम असलेला शिक्षक, हे सुख बर्कलीच्या पहिल्या वर्षात विकत घेऊनही मिळत नाही.

खासगीच्या फीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. छापलेली फी सगळे भरत नाहीत. स्टॅनफर्डनं २०२३-२४ पासून वर्षाला एक लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना फी, राहणं आणि जेवण माफ केलं, दीड लाखाच्या आत असलेल्यांना फी माफ केली. म्हणजे एकाच्या कमाईवर चालणाऱ्या घराला स्टॅनफर्ड बर्कलीपेक्षा स्वस्त पडू शकतं. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये असतील तर ही सवलत सहसा मिळत नाही आणि पूर्ण रक्कम भरावी लागते. सरकारी मदतीच्या फॅफ्सा अर्जात राहतं घर मोजत नाहीत. बरीच खासगी विद्यापीठं सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा अर्ज भरून घेतात आणि त्यात घराची किंमत विचारतात. फ्रीमाँटमध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्यांनी हा फरक आधीच समजून घ्यावा.

आणि एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरची मुलं. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या अनेक घरांत मूल तिसरीपासून फ्रीमाँटच्या शाळेत असतं, पण कागदोपत्री एच-४ वर. त्याला केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, आणि अनेक खासगी विद्यापीठं मदतीच्या हिशेबात त्याला परदेशी विद्यार्थी धरतात. सरकारी विद्यापीठात रहिवासी असल्याचे निकष पूर्ण केले तर रहिवाशाची फी लागू शकते. मात्र एच-४ वर पगारी काम करता येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातली इंटर्नशिप हुकते. एकवीस पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि बहुतेकांना विद्यार्थ्याचा एफ-१ घ्यावा लागतो. हे वळण बरोबर कॉलेजच्या मध्यावर येतं. व्हिसा बदलला तर फी कोणत्या दरानं लागेल, हे विद्यापीठाच्या रेसिडेन्सी कार्यालयाकडून प्रवेशाआधीच लेखी घ्या.

४. पंगत आणि बुफे

आता मुख्य गोष्ट. बर्कलीत पदवीचे सुमारे ३३ हजार विद्यार्थी आहेत, स्टॅनफर्डमध्ये आठ हजारांच्या आत. या एका फरकातून बाकीचे कितीतरी फरक निघतात.

लग्नातली पंगत आठवा. पानावर बसलं की वाढपी आपणहून येतो, आग्रह करतो, पान रिकामं दिसलं तर विचारतो. बुफेत पदार्थ कदाचित जास्तच असतात, पण ताट आपण उचलायचं, रांगेत आपण उभं राहायचं, आणि कोपऱ्यातली बासुंदी कुणी दाखवली नाही तर ती राहूनच जाते. मोठं सरकारी विद्यापीठ बुफेसारखं असतं, श्रीमंत खासगी विद्यापीठ पंगतीसारखं.

वर्गापासून सुरुवात करू. बर्कलीचा कॉम्प्युटर सायन्सचा पहिला कोर्स आहे सीएस ६१ए. एका सत्रात हजाराहून जास्त मुलं तो घेतात. व्हीलर हॉलच्या सभागृहात सातशेच्या आसपास खुर्च्या, म्हणजे बरीच मुलं व्याख्यान खोलीत बसून रेकॉर्डिंगवर पाहतात. खरं शिकणं होतं ते आठवड्यातल्या डिस्कशन सेक्शनमध्ये, पंचवीस-तीस जणांच्या गटात, आणि शिकवायला असतो एखाद-दोन वर्षांनी मोठा विद्यार्थी. पण स्टॅनफर्डचा सीएस १०६ए हा पहिला कोर्सही शेकडो मुलं घेतात, तिथंही गट चालवायला मोठे विद्यार्थीच असतात. फरक गटाच्या आकारात आहे. तिथं गट दहा-बारा जणांचा असतो, आणि सलग दोनदा गैरहजर राहिलं तर कुणाच्या तरी लक्षात येतं. गृहपाठ अडला की बर्कलीतलं मूल मदतीच्या ऑनलाइन रांगेत नाव घालतं आणि सबमिशनच्या रात्री ती रांग हलता हलत नाही. शहाणी मुलं सोमवारीच जाऊन बसतात, तेव्हा तिथं फारसं कुणी नसतं.

बर्कलीत प्राध्यापकाच्या संशोधनात हात लावता येत नाही, असंही नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या हाताखाली काम देणारी यूआरएपी नावाची योजना आहे. अर्ज आपण शोधायचा, आपण लिहायचा, नकार आला तर पुढच्या सत्रात पुन्हा लिहायचा. पहिल्या वर्षासाठी पंधरा-सोळा जणांचे छोटे सेमिनार दोन्हीकडे आहेत. बर्कलीत ते आहेत हेच अनेक मुलांना दुसऱ्या वर्षी कळतं.

कोर्सची नोंदणी हा आणखी एक धडा. बर्कलीत नोंदणी टप्प्याटप्प्यानं होते, प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळते. तोवर हवा तो वर्ग भरला तर वेटलिस्ट. म्हणून तिथली मुलं पहिल्या पसंतीसोबत दुसरी आणि तिसरी तयार ठेवायला शिकतात. मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलणं हा त्याहून अवघड प्रकार. ज्या विषयात जागांपेक्षा मागणी जास्त, त्याला इम्पॅक्टेड म्हणतात. बर्कलीनं २०२३ पासून कॉम्प्युटर सायन्सला थेट त्याच विषयात प्रवेश द्यायला सुरुवात केली, त्यामुळे दुसऱ्या विषयात येऊन मग तिकडे उडी मारणं फार कठीण झालं. स्टॅनफर्डमध्ये मूल दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत विषय ठरवतं आणि बहुतेक विषय सर्वांना खुले असतात. ज्या मुलाचं अजून ठरलेलं नाही, ज्याला इतिहास आणि जीवशास्त्र दोन्ही आवडतात, त्याच्यासाठी हा फरक रँकिंगच्या दहा पायऱ्यांपेक्षा मोठा आहे. “आधी आत तर शिरू दे, मग विषय बदलू” हा सल्ला आपल्याकडे फार उदारपणे दिला जातो. बर्कली आणि सॅन होजे स्टेटच्या बाबतीत तो धोक्याचा आहे.

क्लबचंही तेच. सप्टेंबरात बर्कलीच्या स्प्राउल प्लाझावर दोन्ही बाजूंनी टेबलं लागतात, हातात पत्रकं कोंबली जातात. नाच, वादविवाद, रोबो, नाटक, सगळं असतं. मात्र कन्सल्टिंगसारख्या मागणीच्या क्लबांत शिरायला अर्ज आणि मुलाखतीच्या फेऱ्या असतात, आणि हायस्कूलमध्ये पहिल्या पाचात असलेल्या मुलाला आयुष्यातला पहिला नकार कधीकधी तिथं मिळतो. त्या आठवड्यात घरी फोन आला तर “मग अभ्यास कर” असं म्हणू नका. त्याला ओळखीची दहा माणसं हवी असतात आणि ती अजून मिळालेली नसतात.

सगळी सरकारी विद्यापीठं बुफेसारखी नाहीत. सॅन होजे स्टेटमध्ये छत्तीस हजारांच्या आसपास विद्यार्थी असले तरी वर्ग बहुधा बर्कलीपेक्षा लहान असतात, आणि संध्याकाळचा वर्ग घेणारा शिक्षक दिवसा एखाद्या कंपनीत तेच काम करत असतो. उलट सांता क्लाराची पंगत घरगुती आहे. वर्ग लहान आणि शिकवायला प्राध्यापकच. ज्या मुलीला शंभर जणांत हात वर करायचा संकोच वाटतो, तिची तिथं चार वर्षं चांगली जातात.

५. झोपायचं कुठे?

स्टॅनफर्ड पदवीच्या विद्यार्थ्याला चारही वर्षं राहायची जागा देतं. वसतिगृहांत काही प्राध्यापक कुटुंबासह राहतात. बर्कलीत पहिलं वर्ष वसतिगृहात जातं (त्यातल्या एका वसाहतीला क्लार्क केर यांचंच नाव आहे), पण पुढे बहुतेकांना गावात घर शोधावं लागतं. एकोणीस वर्षांची तीन-चार मुलं मिळून बारा महिन्यांचा करार करतात, अनामत भरतात, वीजबिल कुणाच्या नावावर यावरून भांडतात आणि मिटवतात. जागांची टंचाई इतकी की २०२१ साली तिथल्या रहिवाशांच्या एका संघटनेच्या दाव्यात न्यायालयानं विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या गोठवली होती. विधिमंडळानं मार्च २०२२ मध्ये घाईनं कायदा करून प्रवेश वाचवले.

याच टंचाईतून बर्कलीत एक सुंदर गोष्ट जन्मली, विद्यार्थ्यांची सहकारी घरं. मंदीच्या काळात, १९३३ साली, विद्यार्थ्यांनीच ती सुरू केली. भाडं बाजारापेक्षा कमी, पण प्रत्येकानं आठवड्याला साधारण पाच तास काम करायचं. कुणी साठ जणांचा स्वयंपाक, कुणी भांडी, कुणी हिशेब. सहकाराचं बाळकडू मिळालेल्या महाराष्ट्रातल्या पालकांना ही घरं मनापासून पटायला हरकत नाही, फक्त स्वच्छतेची अपेक्षा थोडी खाली आणावी.

सॅन होजे स्टेटची खूप मुलं घरून ये-जा करतात. त्यांचं विद्यार्थी-जीवन दोन वर्गांमधल्या तीन तासांत असतं. ते तीन तास गाडीत बसून काढले तर चार वर्षांत एक मित्र होत नाही, आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर ग्रंथालयात काढले तर गोष्ट वेगळी. २००३ साली उघडलेलं हे ग्रंथालय विद्यापीठ आणि शहर मिळून चालवतात. शेजारच्या टेबलावर गृहपाठ करणारी शाळकरी मुलगी असते आणि वर्तमानपत्र वाचणारे आजोबाही.

वर्षाचं वेळापत्रकही वेगळं. बर्कलीत पंधरा आठवड्यांच्या सहामाह्या, ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या. स्टॅनफर्ड आणि सांता क्लारात दहा आठवड्यांच्या तिमाह्या, सुरुवात सप्टेंबरअखेर. म्हणून स्टॅनफर्डचं मूल सहसा गणपतीची आरती करून जातं, तर बर्कलीचं मूल तेव्हा पहिल्या परीक्षेच्या तयारीत असतं. दिवाळी दोघांचीही मिडटर्मच्या परीक्षांतच जाते.

६. बोलायची मुभा

१९६४ साली बर्कलीत राजकीय पत्रकं वाटायला बंदी झाली तेव्हा विद्यार्थ्यांनी फ्री स्पीच मूव्हमेंट उभारली. मारिओ सॅव्हिओ हा विद्यार्थी तिचा आवाज होता. सरकारी विद्यापीठाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनात्मक हमी पाळावीच लागते. खासगीवर ते बंधन थेट येत नाही, पण कॅलिफोर्नियात १९९२ चा लेनर्ड कायदा आहे. त्यानं धार्मिक संस्था वगळता खासगी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही हे संरक्षण दिलं. या बाबतीत आपल्या राज्यातली मुलं इतर अनेक राज्यांतल्या मुलांपेक्षा सुरक्षित आहेत.

७. पालकांना काय कळतं?

१९७४ च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या असतात. त्यानं लेखी संमती दिली नसेल तर गुण विचारायला फोन केल्यावर सहसा सांगितलं जात नाही. सरकारी असो वा खासगी, फी तुम्ही भरत असलात तरीही. हायस्कूलपर्यंत आपण शाळेच्या पोर्टलवर रोज गुण पाहिलेले असतात, शिक्षकांना ईमेल आपणच लिहिलेली असते, समुपदेशकाची वेळही आपणच घेतलेली असते. अशा मुलाला बुफेत एकदम एकटं सोडलं तर ते उपाशी राहतं. ते हुशार नसतं म्हणून नव्हे. त्याला कधी मागावंच लागलेलं नसतं. मला विचाराल तर सरकारी की खासगी हे ठरवताना हा निकष फीच्या खालोखाल यावा. आपलं मूल अनोळखी माणसाकडे जाऊन “मला हे समजलं नाही, मदत करा” असं म्हणतं का? म्हणत असेल तर बर्कलीसारखी जागा दुसरी नाही. म्हणत नसेल तर बारावीचा उरलेला काळ त्या सवयीसाठी वापरा, किंवा पंगतीचा विचार करा.

८. बघायला जाल तेव्हा

एप्रिलमध्ये सगळी विद्यापीठं सजलेली असतात. तो सोहळा पाहा, पण एकदा मधल्या वारी साध्या दिवशीही जा. मूल ज्या विषयात जाणार आहे त्याच्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गात मागे बसू द्या. दुसऱ्या वर्षातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून विचारायला सांगा: या सत्रात हवा असलेला कोणता वर्ग मिळाला नाही? सल्लागाराची वेळ किती दिवसांनी मिळाली? सध्या कुठे राहता, आणि ते घर कसं सापडलं? आजारी पडलात तेव्हा कुणाच्या लक्षात आलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार काही सांगून जातं.

ही भेट मुलानं एकट्यानं केली तर आणखी बरं. फ्रीमाँट स्टेशनवर रिचमंडकडे जाणारी बार्ट पकडली की डाउनटाउन बर्कलीपर्यंत गाडी बदलावी लागत नाही.